जार की वॉर? शेगडी कोणाची ते आधी बघा

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात नवीन जॉइन झालेली एक मुलगी परवा मेटाकुटीला आली होती. "दादा, बिल्ड सक्सेस आहे, फाइल टॉमकॅटच्या वेबॲप्समध्ये टाकली, लॉगमध्ये एरर नाही. तरी ४०४." टॉमकॅट म्हणजे जावाची वेब ॲप चालवणारा सर्व्हर, वेबॲप्स हा ॲप टाकायचा त्याचा फोल्डर, आणि ४०४ म्हणजे 'पान सापडलं नाही'. फोल्डर उघडून बघितला तर आत डेमो.जार. टॉमकॅट तिथल्या जारकडे ढुंकूनही बघत नाही. बघतच नाही म्हटल्यावर एरर तरी कशाची देणार?

जार आणि वॉर हे जावा ॲप बांधून द्यायचे दोन प्रकार. दोन्ही फायली आतून झिपच, मेव्हन या बिल्ड टूलच्या एकाच पॅकेज कमांडने टार्गेट फोल्डरमध्ये पडतात, म्हणून हा घोळ होतो. वडापावच्या गाडीवर शेगडी, कढई, तेल सगळं स्वतःचं असतं. उभी केली की धंदा सुरू. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कची जार तशी. टॉमकॅट तिच्या पोटातच असतो. मशीनवर जावा असली, 'जावा -जार' म्हटलं, की ८०८० पोर्टवर ॲप उभं. वॉर म्हणजे फूडकोर्टातला गाळा. गॅस, पाणी, बाकडी मालकाची, आणि नियमही त्याचेच. पोर्ट टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये ठरतो, तुम्ही ॲपच्या प्रॉपर्टीजमध्ये ९०९० लिहिलंत तरी कुणी विचारत नाही. पत्तासुद्धा फाइलच्या नावावरून पडतो: डेमो.वॉर टाकली तर /डेमो. नावात व्हर्जन राहून गेलं तर तेही पत्त्यात.

तिने लगेच एक्स्टेंशन बदलून वॉर केलं. (हसू नका, आपण सगळ्यांनी हे केलंय.) टॉमकॅटने फाइल उलगडली, पण तो क्लास शोधतो वेब-इन्फ फोल्डरमध्ये आणि बूटच्या जारमध्ये ते असतात बूट-इन्फमध्ये. पुन्हा ४०४. खरी वॉर हवी तर पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) पॅकेजिंग वॉर करा, टॉमकॅट स्टार्टरला प्रोव्हायडेड स्कोप द्या (म्हणजे टॉमकॅट बाहेरचा वापरायचा) आणि मुख्य क्लास स्प्रिंगबूटसर्व्हलेटइनिशियलायझरवरून एक्स्टेंड करा. हे शेवटचंच लोक विसरतात.

एवढं करूनही एक खड्डा उरतो, त्यात आमचा एकदा अख्खा दिवस गेला. टॉमकॅट ९ पर्यंत वेब ॲपच्या कोडमधल्या जावा पॅकेजचं नाव जावाएक्स होतं, १० पासून जकार्ता झालं. स्प्रिंग बूट ३ जकार्तावाला. त्याची वॉर टॉमकॅट ९ वर टाकली की डिप्लॉय झाली असं लॉग सांगतो, पण ॲप सुरू होताना लॉगमध्ये येणारा स्प्रिंगचा तो मोठा बॅनर कुठेच दिसत नाही. तेव्हापासून ४०४ आला की मी कोड नंतर उघडतो, आधी बॅनर शोधतो.

माझं मत विचाराल तर नव्या प्रोजेक्टला जारच. जेएसपी पानं (एचटीएमएलमध्ये जावा मिसळलेली) असतील, किंवा क्लायंटच्या एकाच टॉमकॅटवर पाच ॲप नांदत असतील, तर वॉर. दोन्ही डगरींवर हात ठेवायचा असेल तर बूटची वॉर 'जावा -जार'नेही चालते.

त्या मुलीला यातलं काहीच नको होतं. सर्व्हर आमचाच, ॲप एकच. म्हटलं, वेबॲप्स विसर, जार सरळ चालव. तिने चालवली. पाच सेकंदांत लाल अक्षरं: पोर्ट ८०८० आधीच वापरात. टॉमकॅट बंद करायचा राहिला होता.