मांजरालाही चाई पडते, पण क्वचितच

मनीच्या पोटावरचे केस गेले आणि गुलाबी कातडी दिसू लागली, की माणूस मोबाइलवर शोधत शोधत थेट ‘ऑटोइम्यून’पर्यंत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारापर्यंत, जाऊन पोचतो. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तिचीच जीभ असते. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असो की एखादं न सोसणारं अन्न, खाज सुटली की मांजर चाटत सुटतं. जिभेवरच्या मागे वळलेल्या काट्यांनी केस तुटतात. हे सगळं ती बऱ्याचदा आडोशाला करते. त्यामुळे ‘आमची चाटत नाही हो’ असं घरचे अगदी मनापासून सांगतात. पशुवैद्य मग चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. टोकं तुटकी दिसली, तर जीभ पकडली गेली! गोल चट्टा असेल तर गजकर्णाची बुरशीही तपासतात, कारण ती मांजराकडून माणसांना लागते.

एवढं सगळं निस्तरलं, तरच चाईचा विचार. माणसाला पडते तीच ही चाई, मांजरांत मात्र फार दुर्मीळ. वाढत्या केसाचं मूळ एरवी प्रतिकारशक्तीच्या नजरेआड असतं. शरीरातल्या बहुतेक पेशी आपली ‘ओळखपत्रं’ पृष्ठभागावर मिरवतात. इथल्या पेशी ती जवळजवळ दाखवतच नाहीत. हा पडदा फाटला, की प्रतिकारशक्तीच्या हल्लेखोर टी-पेशी मुळाभोवती गोळा होतात. बायॉप्सीत त्यांचा घोळका मधमाश्यांच्या मोहोळासारखा दिसतो. केस गळतो, पण मूळ सहसा मरत नाही. कातडी गुळगुळीत राहते, खाज नसते आणि पुढे केस आपणहून परतही येऊ शकतात. काही वेळा पांढरे. काळ्या मांजरावर तो ठिपका मोठा गमतीदार दिसतो.

चेहऱ्यावर, कानांवर, नखांच्या मुळाशी खपल्या धरत असतील, तर संशय पेम्फिगसचा. तोही स्वतःवरच उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा आजार, पण त्यात त्वचेच्या पेशींना जोडणारे सांधे सुटतात. त्याला स्टेरॉइड लागतं, आणि मांजराला प्रेडनिसोनऐवजी प्रेडनिसोलोन देतात. पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करणं तिच्या यकृताला नीट जमत नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. घरात कुणी टक्कलासाठी मिनॉक्सिडिल लावत असेल, तर ती बाटली कपाटात बंद ठेवा आणि औषध लावलेलं डोकं, उशी मांजराला चाटू देऊ नका. मनीच्या चट्ट्यावर तर ते चुकूनही लावू नका. त्याचे थोडेसे थेंबही मांजराच्या हृदयावर आघात करून जीव घेऊ शकतात.