रशियातील भूदासमुक्ती (१८६१)

झार दुसरा अलेक्झांडर (कारकीर्द १८५५–१८८१) याने १९ फेब्रुवारी १८६१ रोजी (आजच्या दिनदर्शिकेनुसार ३ मार्च) एका जाहीरनाम्यावर व त्यासोबतच्या कायद्यांवर सही केली आणि रशियातील खासगी जमीनदारांचे सव्वादोन कोटींहून अधिक भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीशी बांधलेले शेतकरी, मोकळे झाले. एकोणिसाव्या शतकात कुठल्याही रशियन सम्राटाने केलेली ही सर्वांत मोठी सुधारणा. मात्र तिची आर्थिक बाजू जमीनदारांना झुकते माप देणारी होती, आणि या सुधारणेचे मोजमाप करायचे तर आधी तीच तपासायला हवी.

भूदासत्व हळूहळू आवळत गेले. १४९७ च्या कायद्यानुसार शेतकऱ्याला संत जॉर्जच्या शरद ऋतूतील सणाच्या आगेमागे दोन आठवडे, देणी फेडून, मालक बदलता येई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही मुभा गेली. १६४९ च्या संहितेने पळालेल्या शेतकऱ्याला कितीही वर्षांनी धरून आणण्याचा हक्क जमीनदाराला दिला. उमराव राज्याची चाकरी करतो म्हणून शेतकऱ्याने उमरावाची करावी, असे त्याचे समर्थन केले जाई. १७६२ मध्ये तिसऱ्या पीटरने उमरावांची सक्तीची चाकरी रद्द केली. शेतकऱ्याची तशीच राहिली. दुसऱ्या कॅथरिनने १७६७ मध्ये मालकाविरुद्ध तक्रार करणे हाच गुन्हा ठरवला. दार्या साल्तिकोवा या जमीनदारणीला १७६८ मध्ये ३८ भूदासांच्या मृत्यूबद्दल दोषी धरले गेले, पण असा खटला विरळाच. शेतकरी एकतर मालकाच्या शेतावर वेठ करी (बार्शिना) किंवा रोख अथवा मालाच्या रूपाने खंड भरी (ओब्रोक). त्याची विक्री होई, तो गहाणही पडे.

पहिल्या अलेक्झांडरने १८०३ मध्ये जमीनदारांना स्वेच्छेने भूदास मुक्त करण्याची वाट करून दिली. तिचा फायदा फार थोड्यांना झाला. बाल्टिक प्रांतांत १८१६ ते १८१९ दरम्यान मुक्ती आली, पण जमिनीविना. पहिल्या निकोलसने १८४२ मध्ये भूदासत्व हे उघड पाप आहे असे मान्य केले आणि आत्ता त्याला हात लावणे त्याहून घातक आहे असेही सांगितले.

क्रिमियन युद्धातील पराभवाने हा विचार उलटा केला. ते युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहानंतर लगेच, १८५६ च्या वसंतात, दुसऱ्या अलेक्झांडरने मॉस्कोच्या उमरावांना बजावले की भूदासत्व खालून आपोआप मोडण्याची वाट पाहण्यापेक्षा ते वरूनच मोडलेले बरे. उमरावांची स्वतःची स्थितीही नाजूक होती. दर तीन भूदासांपैकी जवळजवळ दोन सरकारी पतसंस्थांकडे गहाण होते. मसुद्याचे काम १८५९ पासून याकोव रोस्तोव्त्सेव याच्या अध्यक्षतेखालील संपादन आयोगांनी केले. १८२५ च्या डिसेंब्रिस्ट उठावाची (लष्करी अधिकाऱ्यांच्या झारविरोधी बंडाची) खबर निकोलसला आधीच देणारा हाच माणूस. त्याच्या हातून एवढे उदार काम होईल असे कुणाला वाटले नसते. त्याच्यासोबत गृहखात्यातला अधिकारी निकोलाय मिल्युतिन होता. मुक्ती जमिनीसकट द्यायची, हा आग्रह बहुसंख्य जमीनदारांच्या विरोधात टिकवून धरण्याचे श्रेय या मंडळींचे आहे.

सही झाल्यावरही जाहीरनामा दोन आठवडे दाबून ठेवला गेला. उपासाच्या पर्वाच्या तोंडावर, जुन्या कालगणनेच्या ५ मार्चला, तो राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये आणि मॉस्कोत वाचला गेला. मॉस्कोचे धर्मप्रमुख फिलारेत यांनी घडवलेली त्याची भाषा इतकी जड होती की चर्चमध्ये ऐकणाऱ्या शेतकऱ्यांना नेमके काय मिळाले ते कळेना.

वैयक्तिक स्वातंत्र्य ताबडतोब मिळाले. लग्नाला मालकाची परवानगी नको, मालमत्ता स्वतःच्या नावे करता येई, कोर्टात दावा लावता येई. जमिनीचे मात्र वेगळे. घरकामाच्या नोकरांना ती मिळालीच नाही. इतरांनी खरेदीचा व्यवहार होईपर्यंत ‘तात्पुरते बांधील’ राहून जुनी वेठ वा खंड चालू ठेवायचा होता. ठरलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त जमीन कसणाऱ्यांची उरलेली जमीन कापून जमीनदाराकडे गेली. या ‘ओत्रेझ्की’त बरेचदा कुरण किंवा पाणवठ्याची वाट असे आणि ती पुन्हा भाड्याने घ्यावी लागे.

किमतीचा हिशेब एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. वर्षाचा खंड १० रुबल असेल, तर दरसाल ६ टक्क्यांनी तेवढे उत्पन्न देणारी रक्कम, म्हणजे सुमारे १६७ रुबल, ही पूर्ण वाट्याची किंमत. यातील ८० टक्के सरकार जमीनदाराला रोख्यांच्या रूपाने देई, त्यातून त्याचे जुने कर्ज वळते करून. उरलेला पाचवा हिस्सा शेतकऱ्याने जमीनदाराला द्यायचा. सरकारचे सुमारे १३३ रुबल त्याने वर्षाला ८ प्रमाणे ४९ वर्षे फेडायचे, म्हणजे एकूण ३९२ रुबल. उत्तरेकडच्या नापीक प्रांतांत तर खंड जमिनीतून निघतच नसे. तो शहरातल्या मजुरीतून आणि हस्तव्यवसायातून येई. तोच खंड किमतीचा आधार धरल्यामुळे जमिनीच्या भावात माणसाच्या श्रमाची किंमत दडवली गेली. कायद्याने जमीनदाराला भूदासाच्या देहाची भरपाई नाकारली होती, ती या मार्गाने वसूल झाली. १८६३–७२ च्या बाजारभावाने सुमारे ६४.८ कोटी रुबलांच्या जमिनीसाठी शेतकऱ्यांवर ८६.७ कोटींची आकारणी बसली.

हप्त्यांची जबाबदारी गावसमुदायाची (मीर) होती. एकाने चुकवले तर बाकीच्यांनी भरायचे. त्यामुळे गाव सोडून जाणाऱ्याला समुदायाची संमती लागे आणि मालकाच्या बंधनाच्या जागी गावाचे बंधन आले.

‘खरी मुक्ती’ जमीनदारांनी लपवली आहे, ही समजूत सगळीकडे पसरली. काझान प्रांतातील बेझ्दना गावी अंतोन पेत्रोव या साक्षर शेतकऱ्याने कायद्याच्या जाड पुस्तकातील छापील नमुन्यांत, आकड्यांच्या जागी असलेल्या शून्यांत, झारचा गुप्त हुकूम वाचून काढला. हजारो लोक त्याच्या घराभोवती जमले. एप्रिल १८६१ मध्ये सैन्याने नि:शस्त्र जमावावर गोळीबार केला, पन्नासहून अधिक माणसे मेली आणि पेत्रोवला गोळ्या घालण्यात आल्या. त्याची झारवर पूर्ण श्रद्धा होती.

दुसरीकडे जमीनदार आणि शेतकरी यांच्यात करार घडवण्यासाठी नेमलेल्या मध्यस्थांत काही मनापासून काम करणारे होते. लिओ टॉलस्टॉय त्यांपैकी एक. शेतकऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल शेजारच्या उमरावांनी त्यांचा पिच्छा पुरवला. जमीनदारांचा न्यायाधिकार गेल्यामुळे पुढच्या सुधारणा ओघाने आल्या: १८६४ मध्ये झेम्स्त्वो ही स्थानिक स्वराज्य मंडळे आणि ज्यूरीसह नवी न्यायव्यवस्था, १८७४ मध्ये सर्व वर्गांना लागू सक्तीची लष्करसेवा.

१ मार्च १८८१ रोजी (नवीन कालगणनेप्रमाणे १३ मार्च) क्रांतिकारकांच्या बाँबने अलेक्झांडर मारला गेला. त्याच वर्षी त्याच्या मुलाच्या, तिसऱ्या अलेक्झांडरच्या सरकारने उरलेल्या ‘तात्पुरत्या बांधील’ शेतकऱ्यांना जमीनखरेदी सक्तीची केली आणि हप्ते कमी केले. तरी थकबाकी वाढतच गेली. १९०५ च्या क्रांतीत खेडी पेटल्यावर निकोलस दुसरा याने नोव्हेंबरच्या जाहीरनाम्याने हप्ते १९०६ पासून निम्मे केले आणि १ जानेवारी १९०७ पासून रद्द केले.