मालोलोसच्या तरुणींचा शिक्षणलढा

फिलिपीन्समध्ये स्पेनची सत्ता असताना मालोलोस (बुलाकान प्रांत, लूझोन बेट) येथील वीस तरुणींनी स्पॅनिश शिकण्यासाठी रात्रशाळा काढू द्यावी, म्हणून १२ डिसेंबर १८८८ रोजी गव्हर्नर-जनरल वालेरिआनो वेलर याला दिलेला लेखी अर्ज व त्यातून उद्भवलेले प्रकरण. फिलिपिनो लेखक व सुधारणावादी होसे रिसाल यांनी या तरुणींना लिहिलेल्या पत्रामुळे ते प्रसिद्धीस आले.

पार्श्वभूमी : मुलींसाठी शिक्षणसंस्था मुळीच नव्हत्या असे नाही. मनिलात सतराव्या शतकापासून सांता इसाबेल हे कॉलेज होते. पण त्याचा लाभ प्रामुख्याने स्पॅनिश मुलींना मिळे. स्थानिक स्त्रियांसाठी वाट काढली ती इग्नासिआ देल एस्पिरितू सांतो हिने. चिनी पिता व स्थानिक माता यांच्या या मुलीने १६८४ मध्ये मनिलात धर्मव्रती स्त्रियांचे एक निवासगृह सुरू केले व तेथे मुलींना वाचन, शिवणकाम आणि धर्मशिक्षण मिळू लागले. विद्यापीठाची दारे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्त्रियांना जवळजवळ बंदच होती. सांतो तोमास विद्यापीठात १८७९ मध्ये निघालेला सुईणींचा अभ्यासक्रम हाच काय तो अपवाद.

२० डिसेंबर १८६३ च्या राजाज्ञेने प्रत्येक गावात मुलांची एक व मुलींची एक प्राथमिक शाळा असावी आणि शिक्षण स्पॅनिशमधून द्यावे, असे ठरले. कागदावर ही आज्ञा पुष्कळ उदार होती. परंतु शाळांवरील स्थानिक देखरेख पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) धर्मगुरूकडेच राहिली, आणि हे धर्मगुरू बहुधा स्पॅनिश मठवासी संघांचे असत. प्रजेला राज्यकर्त्यांची भाषा आली, तर अर्ज, कज्जे आणि सुधारणावादी वृत्तपत्रे आपल्याला टाळून परस्पर वाचली-लिहिली जातील, ही त्यांची धास्ती होती. त्यामुळे वर्गात धर्मप्रश्नोत्तरी चाले ती स्थानिक भाषेतच, आणि तीही घोकंपट्टीने.

अर्ज : सह्या करणाऱ्या तरुणी गावातील मोजक्या सधन चिनी-मेस्तिसो (चिनी व स्थानिक अशा मिश्र वंशाच्या) घराण्यांतल्या होत्या. तिओंगसन, रेयेस, तान्तोको व तानचांगको ही त्यांतील प्रमुख घराणी. स्पॅनिश रीतीप्रमाणे लावलेली आईकडची नावे पाहिली, तर बहिणी-बहिणींनी मिळून सह्या केल्याचे उघड होते : रेयेस-तिओंगसन अशा जोडनावाच्या पाच, तर ओलिवेरोस-तिओंगसन अशा तीन. काही लेखनात अर्जदारांची संख्या एकवीस दिली जाते. अर्जाखालील सह्या वीस असल्याने तोच आकडा येथे घेतला आहे. वेलर मालोलोसला आला असता अर्जदारांपैकी आल्बेर्ता उइतांगकोय हिने पुढे होऊन अर्ज त्याच्या हाती दिला, असे परंपरा सांगते.

अर्जाची भाषा अतिशय नम्र होती. नात्यातील एका वृद्ध स्त्रीच्या घरी वर्ग भरेल, आम्ही आपापल्या आईसोबत येऊ, लॅटिन शिकवणारे शिक्षक आम्हाला स्पॅनिश व्याकरण शिकवतील आणि खर्च आमचा आम्ही करू, असे त्यात म्हटले होते. आक्षेप कुठून येणार याचा अंदाज बांधूनच हा मजकूर तयार केलेला दिसतो.

लेखकत्वाचा वाद : हे लॅटिनचे शिक्षक म्हणजे तेओदोरो सांदिको. पुढे १८९९ मध्ये क्रांतिकारी सरकारात त्यांनी गृहखाते सांभाळले. अर्जाचा स्पॅनिश मसुदा त्यांनीच केला असावा, याबद्दल फारसे दुमत नाही. ज्यांना भाषा शिकायची आहे त्यांनीच तो अस्खलित स्पॅनिशमध्ये लिहावा, हे अवघडच. मतभेद आहे तो प्रेरणेविषयी. एका मतानुसार ही स्पेनच्या कारभारात सुधारणा मागणाऱ्या फिलिपिनो सुधारणावाद्यांची खेळी होती : पुरुषांनी केलेली मागणी राजद्रोही ठरली असती, म्हणून घरच्या मुलींना पुढे केले. दुसरे मत तरुणींच्या स्वतःच्या इच्छेला महत्त्व देते. मालोलोसच्या घराण्यांचा बारकाईने अभ्यास केलेल्या निकानोर तिओंगसन यांच्या लेखनामुळे या दुसऱ्या मताला बळ मिळाले. नकारानंतरही तरुणींनी मागणी सोडली नाही, हे ध्यानात घेता निव्वळ खेळीचे मत अपुरे वाटते. मसुदा दुसऱ्याचा असला, तरी त्यावर सही करण्यातला धोका त्यांचा स्वतःचाच होता.

शाळा : पॅरिशचे ऑगस्टिनियन या मठवासी संघाचे धर्मगुरू फेलिपे गार्सिया यांनी विरोध केल्यामुळे अर्ज प्रथम फेटाळला गेला. पाठपुराव्यानंतर फेब्रुवारी १८८९ मध्ये परवानगी मिळाली, पण अटींसह : वर्ग दिवसा भरावेत, खर्च तरुणींनी करावा आणि सांदिको यांच्याऐवजी ग्वादालुपे रेयेस या बाईंनी शिकवावे. म्हणजे रात्रशाळेतली रात्रही गेली आणि मागितलेला शिक्षकही. रुफिना रेयेस हिच्या घरी भरणारी ही शाळा सुमारे तीन महिने चालली.

रिसाल यांचे पत्र : बार्सेलोनाहून निघणाऱ्या फिलिपिनो सुधारणावाद्यांच्या ला सोलिदारिदाद या पाक्षिकाच्या पहिल्याच अंकात (१५ फेब्रुवारी १८८९) त्याचे संपादक ग्रासिआनो लोपेस हाएना यांनी या तरुणींचे कौतुक केले. मूळचे बुलाकानचे असलेले सुधारणावादी लेखक मार्सेलो देल पिलार यांनी त्याच सुमारास रिसाल यांना पत्र लिहिण्याची विनंती केली. रिसाल तेव्हा लंडनमध्ये होते. पत्राची तारीख सामान्यतः २२ फेब्रुवारी १८८९ धरतात. ते तागालोग या स्थानिक भाषेत असून, सराव सुटल्याने चुका झाल्या असतील त्या दुरुस्त कराव्यात, असे रिसाल यांनी देल पिलारना कळवले होते. आंधळी आज्ञाधारकता म्हणजे धर्म नव्हे, आणि गुलाम आई गुलामच वाढवते, हा पत्राचा गाभा. प्राचीन ग्रीसमधील स्पार्टातील मातांचे दाखलेही त्यात आहेत. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे : पत्रात स्त्रीचा विचार मुख्यतः माता व पत्नी म्हणूनच येतो. अर्जात मात्र मातृत्वाचा आधार घेतलेला नाही. तेथे मागणी आहे ती भाषेची.

नंतरचा काळ : स्पेननंतर सत्तेवर आलेल्या अमेरिकन प्रशासनाने १९०१ पासून मोफत सार्वजनिक शाळा काढल्या. त्यांत मुलींना प्रवेश होता. माध्यम अर्थात इंग्रजी होते. लिब्रादा आवेलिनो व कार्मेन दे लूना यांनी १९०७ मध्ये मनिलात सेंत्रो एस्कोलार दे सेन्योरितास ही मुलींची संस्था स्थापन केली. पहिली फिलिपिनो स्त्री डॉक्टर ओनोरिआ आकोस्ता १९०९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पदवी घेतली ती याच संस्थेतून.