जड गोळी आणि नळीचा पीळ

१ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझपदक जिंकलं आणि आमच्या गोव्यात चहाच्या टेबलाटेबलावर नेमबाजीचे जाणकार उगवले. त्यांचा एक सिद्धान्त मी इतक्यांदा ऐकला की शेवटी लिहायला बसलो: ‘गोळी जेवढी जड, तेवढा नेम पक्का.’

हा समज कुठून येतो ते कळतं. सत्तरी-सांग्याकडे रानडुकरांपासून बागायत राखायला परवान्याची बंदूक ठेवणारी घरं आहेत, आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायचा सोपस्कारही आपल्या ओळखीचा आहे. पण ती बहुधा छर्‍याची बंदूक, तिची नळी आतून गुळगुळीत. तिथे मोठा छर्रा लांब पोचतो, एवढं गणित पुरतं. रायफलचं प्रकरण निराळं. तिच्या नळीत पीळ असतो, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा, आणि त्या पिळाला गोळीच्या वजनापेक्षा तिच्या लांबीची फिकीर जास्त.

कुसाळेच्या खेळात हा प्रश्न फारसा येत नाही. ०.२२च्या त्या राउंडमधली, म्हणजे काडतुसातली, गोळी जवळपास नेहमीच ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची असते. वजनाची खरी निवड करावी लागते ती अमेरिकेतल्या सर्व्हिस रायफल स्पर्धांत. तिथे एआर-१५ जातीची सेमी-ऑटोमॅटिक (पुढचा राउंड आपोआप भरणारी) रायफल घेऊन २००, ३०० आणि ६०० यार्डांवर नेम धरतात. आपल्याकडे ही रायफल सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, पण तिच्यातलं भौतिकशास्त्र समजून घ्यायला परवाना लागत नाही.

या रायफलमध्ये ५५, ६२, ६९, ७७, ८० अशा ग्रेनच्या गोळ्या चालतात. ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, त्यामुळे ५५ ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमची आणि ७७ची पाच ग्रॅमची. नळीचं भोक तेच, म्हणून गोळीची जाडी बदलत नाही. आतलं शिसंही तेच. मग जास्तीचं वजन जाणार कुठे? लांबीत. ५५ ग्रेनची गोळी साधारण १९ मिलिमीटर लांब असते, ७७ची २५.

लांब गोळीचं दुखणं असं. हवेचा दाब गोळीवर जिथे एकवटतो तो बिंदू तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे, टोकाकडे असतो. म्हणून गोळी जराशी तिरकी झाली की हवा तिचं नाक आणखी वळवते आणि तिला आडवी करू पाहते. भोवरा फिरत असेल तर गुरुत्वाकर्षण त्याला पाडू पाहतं, पण तो न पडता कडेनं झुलत राहतो. गोळीचंही तसंच होतं, फक्त इथे पाडू पाहणारी हवा असते. आणि गिरकी केवढी! सात इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला २,७५० फूट वेगानं निघालेली गोळी सेकंदाला ४,७०० फेरे घेते, मिनिटाला पावणेतीन लाखांहून जास्त.

किती गिरकी पुरेल याचा ठोकताळा इंग्रज गणिती ग्रीनहिल यानं १८७९ साली दिला. आज त्याहून नेमकं असलेलं मिलरचं सूत्र वापरतात. इथे जरा नेट लावून वाचा, कारण लेखातला माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे. स्थैर्याचा आकडा काढताना गोळीचं वजन अंशात येतं, म्हणजे वजन स्थैर्याला मदतच करतं! छेदात काय आहे? इंचांतल्या पिळाचा (म्हणजे किती इंचांत एक फेरा, त्याचा) वर्ग, आणि लांबी गुणिले (१ + लांबीचा वर्ग), यातली लांबी गोळीच्या व्यासाच्या पटीत मोजायची. ५५ वरून ७७ ग्रेनवर गेलं की वजन १.४ पट होतं, पण लांबीचं पद ३९ वरून ९२ वर उडी मारतं. उत्तर एकाच्या खाली आलं की गोळी कोलांट्या खाते. व्यवहारात दीडच्या आसपास हवं. बारा इंची पिळात ५५ ग्रेनला १.३ मिळतात, ७७ला ०.८ सुद्धा नाहीत. तीच ७७ची गोळी आठ इंची पिळात १.७च्या वर जाते. शिशाऐवजी नुसत्या तांब्याची गोळी केली तर तांबं हलकं असल्यानं तेवढ्याच वजनाला ती आणखी लांब होते आणि तिला आणखी घट्ट पीळ लागतो. वजनाचा आकडा डब्यावर तोच छापलेला असतो!

हवा जितकी दाट, तितका तिचा उलटवण्याचा जोर जास्त. अमेरिकी सैन्याच्या सुरुवातीच्या एम-१६ रायफलींना चौदा इंची पीळ होता. सूत्रात घातलं तर ५५ ग्रेनला तो अगदी काठावर बसतो. कडाक्याच्या थंडीतल्या दाट हवेत गोळ्या डळमळू लागल्या आणि १९६३मध्ये पीळ बारा इंचांवर आणला गेला.

आपल्याकडे उलट समज ऐकू येतो, की पावसाळ्यातली दमट हवा ‘जड’ असते. अंगाला ती जड वाटते हे खरं, पण पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८ आणि ऑक्सिजनचं ३२. बाष्प या दोघांची जागा घेतं, म्हणून दमट हवा हलकीच असते. पणजीच्या घामट दुपारी हा फरक फार तर दीड टक्क्याचा. उष्णतेमुळे हवा विरळ होते तो परिणाम याच्या कितीतरी पट मोठा.

मग सगळ्यांनाच घट्ट पीळ का देऊ नये? कारण कुठलीही गोळी पूर्ण समतोल नसते. गुरुत्वमध्य अक्षापासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं जरी सरकलेला असला, तरी नळी सोडताना तो गोळीला बाजूला फेकतो. वरच्या पावणेतीन लाख फेऱ्यांच्या हिशेबानं हा फेक १०० मीटरवर साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जातो. बारा इंची पिळात ५५ ग्रेनच्या गोळीला तो दोन सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणून जवळच्या पल्ल्याला आखूड, हलकी, नीट बनवलेली गोळी आणि सैल पीळ ही जोडी अनेकदा जड गोळीला मागे टाकते.

६०० यार्डांवर मात्र वारा सूत्रं हातात घेतो. वाऱ्यानं गोळी किती सरकते हे तिच्या प्रवासाच्या वेळेवर ठरत नाही. निर्वात पोकळीत जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा किती उशीर झाला, तो उशीर गुणिले वाऱ्याचा वेग, असा हिशेब आहे. लांब गोळी सावकाश निघते पण वाटेत वेग कमी गमावते, उशीर कमी करते, म्हणून कमी वाहवते.

इथे सेमी-ऑटोमॅटिकची अडचण आडवी येते. राउंड मॅगझिनमधून वर यायचा तर त्याची एकूण लांबी ५७ मिलिमीटरच्या आसपासच ठेवावी लागते. ७७ ग्रेनची गोळी त्यात कशीबशी मावते, ८०ची नाही. म्हणून जलद फैरींना ६९ किंवा ७७, आणि ६०० यार्डांच्या संथ फैरीला ८०, तीही एकेक राउंड हातानं भरून. म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायची आणि ऐन लांब पल्ल्याला तिला हातानं भरवत बसायचं.

गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालून कुणाचा हात स्थिर होत असेल तर जरूर घालावं. नळीतला पीळ ते ऐकत नाही. मला जास्त राग येतो तो तीन गोळ्यांची तीन चिकटलेली भोकं दाखवून ‘हेच वजन बेस्ट’ सांगणाऱ्या व्हिडिओंचा. तीन गोळ्या योगायोगानंही जवळ पडतात. दहा-दहाचे गट पाहिल्याशिवाय दोन वजनांतला फरक कळत नाही. पीळ कमी पडत असेल तर मात्र एकच गोळी पुरते. कागदावर गोल भोकाऐवजी आडव्या गोळीच्या आकाराचं लांबट भोक दिसतं.