फेरिटिन वाढलंय, पण लोह वाढलंय का?

रिपोर्टवर फेरिटिनसमोर ६२० दिसलं की पहिला बळी जातो पालकाच्या भाजीचा, दुसरा लोखंडी तव्याचा. दोघांचाही त्यात फारसा दोष नसतो.

फेरिटिन म्हणजे पेशींमधली लोहाची कोठी. एका कोठीत लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावतात. पण हे प्रथिन शरीरात कुठेही दाह (सूज) असला तरी वाढतं, आणि यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातून रक्तात सांडतं. म्हणून पुरुषांत साधारण ३०० आणि स्त्रियांत २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आकडा गेला, तरी बहुतेकांच्या अंगात जादा लोह नसतंच. मूळ कारण असतं फॅटी लिव्हर, दारू, मधुमेह, संसर्ग, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा आजार.

साधा ताप, खोकला सुरू असताना लोहाचा अंदाज घ्यायला ही तपासणी करू नये. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी, सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी किती दिवस थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारावं, नाहीतर रक्तातलं लोह फसवं जास्त येतं. सोबत सीआरपी (दाह दाखवणारी चाचणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, साखर, लिपिड आणि पोटाची सोनोग्राफी.

खरा निवाडा मात्र ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन करतं, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन किती टक्के भरलंय ते. रक्तातलं लोह भागिले टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह वाहू शकतं त्याचं माप), गुणिले १००. लोह ९० आणि टीआयबीसी ३०० असेल तर ३० टक्के, म्हणजे फेरिटिन ६२० असूनही लोहाचा साठा वाढल्याची शक्यता कमी. लोह १९५ आणि टीआयबीसी २६० असेल तर ७५ टक्के. पुन्हा तपासूनही ते ४५–५०च्या वर राहिलं, तर पुढचा शोध घ्यायलाच हवा. युरोपीय वंशाच्या लोकांत अशा वेळी लोहाच्या शोषणावर लक्ष ठेवणाऱ्या एचएफई जनुकातला सी२८२वाय बदल बऱ्याचदा सापडतो. भारतीयांत तो फार दुर्मीळ आहे, त्यामुळे ती महागडी चाचणी इथे सरसकट करण्यात अर्थ नाही. यकृतात लोह किती साठलंय ते एमआरआय दाखवतो.

लोह खरंच जादा असेल आणि हिमोग्लोबिन चांगलं असेल, तर रक्त काढणं हाच उपचार: एका वेळी ४५० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर. फॅटी लिव्हरमुळे वाढलेल्या फेरिटिनसाठी मात्र रक्त काढून विशेष लाभ होत नाही. तिथे वजन ७ ते १० टक्के उतरवणं आणि दारू सोडणं हेच औषध.

फेरिटिन १,००० पार गेलं तर तज्ज्ञांना दाखवावं. १०,०००च्या वर, आणि त्यात ताप, प्लीहा वाढलेली, रक्तपेशी घटलेल्या असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. प्रतिकारयंत्रणा बेफाम झाल्याची ती खूण असू शकते.

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजारात वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलांचं गणित वेगळं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० मिलिग्रॅमहून जास्त लोह आत येतं, आणि शरीर दिवसाला जेमतेम १–२ मिलिग्रॅम बाहेर टाकतं. रक्त कमी असल्याने ते काढताही येत नाही. लोह बाहेर काढणारी डेफेरासिरॉक्ससारखी औषधं रोज, न चुकता घ्यावी लागतात. या औषधांचा त्रास होत नाही ना हे बघायला दरमहा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) व यकृताची तपासणी, वर्षातून एकदा डोळे आणि कान.