जनसुनावणीला कोरम नसतो भावांनो

आपल्या कोल्हापुरात एक समज कित्येक वर्षं फिरतोय, की एखाद्या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीआधी होणाऱ्या जनसुनावणीला गावानं जायचंच नाही, माणसंच नसली की सुनावणी रद्द आणि प्रकल्प पण. हे साफ चुकीचं आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत स्पष्ट लिहिलंय की हजेरीला कोरम (किमान इतकी माणसं हवीत अशी अट) लागत नाही, म्हणजे मंडपात दहाच माणसं असली तरी सुनावणी झाली म्हणून धरतात आणि आपली हरकत कागदावर येतच नाही. तिथं मतदान नसतंय, पण सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं, शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, तेव्हा उठून जाऊ नका, आपला मुद्दा त्यात आलाय का ते कान देऊन ऐका, नसला तर तिथंच उभं राहून सांगा. लेखी हरकतही देता येते.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची कोल्हापूरची भूसंपादनाची अधिसूचना ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर मागं घेतली, ती शेतकरी रस्त्यावर उतरल्यामुळं आणि पुढाऱ्यांना मतांची धास्ती होती म्हणून. पण 2025 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं महामार्गाला परत मंजुरी दिलीच की! मतांची धास्ती निवडणुकीपुरती, इतिवृत्तातली हरकत मात्र पुढं कोर्टात दाखवता येते.