टाकी सारखी, काम उलटं

शहापुरातल्या आमच्या घरी गच्चीवर प्रेशर पंप बसवला. गरम पाणी मागे जाऊ नये म्हणून प्लंबरने गीझरच्या तोंडाशी एक नॉन-रिटर्न वॉल्व्हही टाकला. चार दिवसांत गीझरच्या सेफ्टी वॉल्व्हमधून, म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हमधून, थेंब पडू लागले. "वॉल्व्ह गेलाय ओ, डमी मारून टाकतो," प्लंबर म्हणाला. डमी म्हणजे तोंड कायमचं बंद करणारं बूच. नशीब, त्या मापाची डमी त्याच्याकडे नव्हती. ती बसली असती तर गीझरचा बॉम्ब व्हायला थर्मोस्टॅट आणि जादा तापल्यावर वीज तोडणारा कटआउट बिघडायचे तेवढे बाकी होते.

सेफ्टी वॉल्व्ह ठणठणीत होता. पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांचं 25 लिटर पाणी 60 अंशांवर नेलं, तर जवळपास पावणेचारशे मिली वाढतं. पूर्वी ते गुपचूप गच्चीच्या टाकीकडे सरकायचं. आता नॉन-रिटर्न वॉल्व्हने ती वाट बंद झाल्यावर ते जाणार कुठे?

याला उपाय एक्स्पान्शन टँक, म्हणजे फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी. दुकानात ती मागितली, तर पंपाची प्रेशर टँक पुढे आली, "एकच की ओ" म्हणत. दिसायला खरंच एकच. लोखंडी पोट, आत रबरी पडदा किंवा फुगा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला हवा, वर गाडीच्या चाकासारखी हवेची पिन.

पण पंपाची टाकी पाणी देण्यासाठी असते. मग्गाभर पाणी घेतलं तरी पंप लगेच सुरू होऊ नये, म्हणून ती दाबाखाली थोडं पाणी धरून ठेवते. तिच्यातली हवा पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा किंचित कमी ठेवतात. पंप 1.5 बारला (बार हे दाबाचं माप) सुरू होत असेल, तर हवा 1.3 बार. एक्स्पान्शन टँक मात्र पाणी घेण्यासाठी असते आणि गार असताना जवळजवळ रिकामीच हवी. म्हणून तिची हवा लाइनच्या दाबाइतकी भरतात. दोन्हींची हवा मोजायची ती आतलं पाणी काढूनच. पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं, तर रबर फाटलं समजायचं.

जागाही वेगळी. एक्स्पान्शन टँक नॉन-रिटर्न वॉल्व्ह आणि गीझर यांच्या मधेच लागते. नॉन-रिटर्न वॉल्व्हच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला, पंपाची केवढीही मोठी टाकी असली तरी फुगलेलं पाणी तिथवर पोचत नाही.

थंड देशांत घरं उबदार ठेवायला रेडिएटरमधून तेच ते पाणी फिरवतात. त्या बंद चक्रात एक्स्पान्शन टँक हवीच. आपल्याकडच्या साध्या, बिनदाबाच्या सोलर वॉटर हीटरला ती लागत नाही. 200 लिटरमागे वाढणारं तीनेक लिटर पाणी तिथे गच्चीच्या टाकीकडे मागे सरकतं, आणि हवा-वाफ निघून जायला त्या टाकीपेक्षा उंच नेलेला, वर उघडा व्हेंट पाइप असतो. त्या सोलरला प्रेशर पंप तेवढा जोडू नका, टाकी फाटेल.

आम्ही शेवटी एक्स्पान्शन टँक घेतलीच नाही. सेफ्टी वॉल्व्हला नळी लावून ती मोरीत सोडली. सकाळी बंबासारखा गीझर तापतो, तेव्हा थोडं ठिबकतं.